केंब्रिज: ‘कॉलेज कुठलं घेऊ?’ याच्या आधीचे प्रश्न

निळी_सायकल (धागाकर्ती)

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून एकच प्रश्न विचारला: "केंब्रिजला अर्ज करायचाय, किंग्ज चांगलं की ट्रिनिटी?" चौघांनाही मी उलट विचारलं, "विषय कुठला?" दोघांचं ते अजून ठरलेलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय. मी तिथे चार वर्षं नॅचरल सायन्सेस (अनेक विज्ञान विषय एकत्र घेऊन सुरू होणारा पदवी अभ्यासक्रम) केलं, शेवटची दोन वर्षं भौतिकशास्त्र. जे लिहितेय ते पदवीच्या अर्जदारांना डोळ्यांसमोर ठेवून.

सगळा गोंधळ ‘कॉलेज’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे कॉलेज म्हणजे विद्यापीठाशी संलग्न स्वतंत्र संस्था. वर्ग तिचे, प्राध्यापक तिचे, प्रयोगशाळा तिची. विद्यापीठाचा संबंध परीक्षेपुरता आणि पदवीपुरता. हे चित्र मनात ठेवून केंब्रिजकडे पाहिलं की एकतीस वेगवेगळ्या संस्थांची यादी दिसते आणि माणूस त्यांची क्रमवारी लावत बसतो. तिथली रचना निराळी आहे. व्याख्यानं, प्रयोगशाळा, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. भौतिकशास्त्राची सगळ्या कॉलेजांमधली मुलं एकाच सभागृहात एकाच व्याख्यानाला बसतात आणि एकच पेपर सोडवतात. कॉलेज तुम्हाला निवडतं, खोली देतं, जेवू घालतं, ग्रंथालय देतं, तुमच्यावर लक्ष ठेवतं आणि सुपरव्हिजनची व्यवस्था लावतं. तुम्ही एकाच वेळी दोन्हींचे असता.

सुपरव्हिजन हा तिथल्या शिक्षणाचा गाभा आहे, त्यावर जरा सविस्तर. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा एक उदाहरणसंच मिळतो (कलाशाखेत निबंध). तो सोडवून सुपरव्हायझरकडे आधी पोचवायचा आणि मग तासभर त्यांच्यासमोर बसायचं. तुम्ही आणि आणखी एखाददुसरा विद्यार्थी, बस. मागच्या बाकावर लपायची सोयच नाही. माझ्या पहिल्या संचातली निम्मी गणितं कोरी होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सुपरव्हायझरांनी सोडवलेल्या गणितांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "इथे कुठे अडलीस, ते सांग." मला ते सांगता येईना, कारण ‘जमलं नाही’ याच्यापुढे मी विचारच केला नव्हता. त्या तासात एकच गणित झालं. पण कुठे अडलं ते नेमक्या शब्दांत सांगणं ही अभ्यासाची अर्धी वाट आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि पुढची चार वर्षं मी त्याच्यावरच काढली.

हे सुपरव्हिजन कुठल्याही कॉलेजात असलात तरी मिळतं. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं: जीव जाळायचा तर विषय निवडण्यात जाळा. कॉलेजसाठी एक दुपार पुरे.

---

शाईचा_ठिपका

ताई, मी बारावीत आहे. खूप छान समजलं. दोन शंका. सुपरव्हिजन कॉलेज ठरवतं, तर मोठ्या कॉलेजचे सुपरव्हायझर जास्त चांगले नसतात का? आणि पदवीवर कॉलेजचं नाव येतं का?

---

निळी_सायकल

दुसऱ्याचं आधी: पदवी केंब्रिज विद्यापीठाची असते. नोकरी देणारा किंवा पुढे पीएचडीला घेणारा तीच बघतो.

पहिलं: प्रत्येक कॉलेजात तुमच्या विषयाचे एक डायरेक्टर ऑफ स्टडीज असतात, मुलं त्यांना ‘डॉस’ म्हणतात. कुठल्या पेपरला कोण सुपरव्हाइज करणार ते डॉस ठरवतात, आणि ती माणसं त्याच कॉलेजची असतील असं नाही. मला दुसऱ्या वर्षी तीन वेगवेगळ्या कॉलेजांतल्या लोकांनी शिकवलं. त्यात एक पीएचडीचा विद्यार्थी होता, आणि तो सगळ्यांत चांगला शिकवायचा. मोठं नाव असलेला प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या मुलाला चांगलं समजावेलच असं नसतं.

---

उंबरठा

उत्तम धागा. एक जुनी आठवण जोडतो, कारण ती या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे.

‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत पोचला तो केंब्रिजमुळे. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे पदवी परीक्षेत, पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे यादीत पहिले (तो मान त्या वर्षी दोघांत विभागून होता). हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते सेंट जॉन्स कॉलेजचे. गुणानुक्रमाने यादी लावायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली, पण पहिल्या वर्गातल्यांना रँग्लर अजूनही म्हणतात.

आता दुसरं नाव. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते फिट्झविल्यम हाऊसमध्ये. ही संस्था १८६९ साली निघाली ती ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी. नारळीकर तिथे शिकत होते तेव्हा तिला कॉलेजचा दर्जाही नव्हता, तो मिळाला १९६६ मध्ये. सुभाषचंद्र बोस १९१९ मध्ये गेले तेही तिथेच. नारळीकर तिथून रँग्लर झाले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याकडे पीएचडी केली आणि मग किंग्ज कॉलेजने त्यांना फेलो करून घेतलं. कॉलेजच्या नावावरून विद्यार्थ्याची किंमत ठरत असती, तर हे घडलं नसतं.

---

निळी_सायकल

उंबरठा, मनापासून आभार. फिट्झविल्यमची ही गोष्ट मला माहीत होती, पण या प्रश्नाशी जोडून कधी पाहिली नव्हती.

नावांचा विषय निघालाच आहे तर उच्चारांचं सांगून टाकते. ‘केयस’ असं लिहिलेलं दिसतं ते ‘कीज’, आणि ‘मॅग्डलीन’ दिसतं ते ‘मॉडलिन’. उच्चार चुकला म्हणून कुणाचा प्रवेश अडत नाही. पण ट्रिनिटी आणि ट्रिनिटी हॉल ही दोन वेगळी कॉलेजं आहेत, हे मात्र अर्ज भरताना पक्कं लक्षात ठेवा. क्लेअर आणि क्लेअर हॉल हीसुद्धा वेगळी, आणि क्लेअर हॉल तर फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. तसंच डार्विन. ह्यूजेस हॉल, सेंट एडमंड्स, वुल्फसन इथे पदवीला एकवीस किंवा त्याहून मोठ्या वयाचेच घेतात. न्यूनम आणि मरे एडवर्ड्स ही फक्त मुलींची.

---

आईची_वही

माझी मुलगी पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. मला दोनच गोष्टींची काळजी आहे. एक, खर्च नेमका कसा मोजायचा? दोन, सतराअठराव्या वर्षी एकटी राहणार, तिच्याकडे बघणार कोण?

---

निळी_सायकल

ताई, खर्चाचं स्पष्ट सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. परदेशी विद्यार्थ्याला दोन फिया असतात. एक विद्यापीठाची शिक्षण फी, ती विषयाप्रमाणे खूप बदलते. गणिताची कमी, विज्ञान आणि अभियांत्रिकीची बरीच जास्त, वैद्यकाची सगळ्यांत जास्त. दुसरी कॉलेज फी, ती वेगळी आणि प्रत्येक कॉलेजची निराळी, वर्षाला १०,००० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. लोक पहिला आकडा बघतात आणि दुसरा विसरतात. त्यावर राहणं, जेवण, विमानप्रवास, आणि व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार, तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. सत्राच्या काळात पदवीच्या मुलांनी नोकरी करू नये अशी विद्यापीठाची भूमिका आहे, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर कमावेल’ हे गणित मांडूच नका. पदवीसाठी परदेशी मुलांना शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्या, आणि बहुतेक अर्धवट मदतीच्या. कर्ज काढण्याआधी घरात सगळ्यांनी बसून कागदावर मांडा.

आणखी एक खर्च कुणी सांगत नाही. सत्र साधारण आठ आठवड्यांचं असतं. मायकेलमस ऑक्टोबर ते डिसेंबर, लेंट जानेवारी ते मार्च, ईस्टर एप्रिल ते जून. मधल्या सुट्ट्या लांब असतात आणि बऱ्याच कॉलेजांत सुट्टीत खोली रिकामी करावी लागते. परदेशी मुलांना थांबू देतात का, किती भाड्यात, सामान ठेवायला जागा आहे का, हे प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघा. कॉलेज निवडताना मी आज हा प्रश्न पहिला विचारेन.

आता मुलीची काळजी. याबाबतीत कॉलेज पद्धत खरोखर चांगली आहे. प्रत्येक मुलाला एक ट्यूटर असतो. तो शिकवत नाही. आजारपण, पैशाची अडचण, घरची आठवण, भांडणं, सगळ्यासाठी त्याच्याकडे जायचं. दारावर पोर्टर असतात, रात्रीबेरात्री कधीही. पहिल्या हिवाळ्यात मला ताप भरला होता, तेव्हा खोली साफ करायला येणाऱ्या बाईंनी, त्यांना तिथे ‘बेडर’ म्हणतात, पोर्टरला कळवलं आणि दुपारी ट्यूटर स्वतः दारात उभ्या होत्या. काही हजारांच्या विद्यापीठात मी कुणाच्या लक्षातही आले नसते. काहीशे जणांच्या कॉलेजात आले.

---

कासवगती

मी एमफिल आणि पीएचडी तिथे केलं. पदव्युत्तरवाल्यांचा रस्ता वेगळा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुमचा अर्ज आधी विभागाकडे जातो. संशोधन असेल तर मार्गदर्शक तयार आहे का, ते महत्त्वाचं. कॉलेजच्या दोन पसंती देता येतात किंवा पसंती नाही असंही लिहिता येतं. विभागाने घेतल्यावर कॉलेज मिळतंच, पसंतीचं नाही तर दुसरं. म्हणजे तुम्ही तर कॉलेजचा विचार आणखी कमी करा. गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती पदव्युत्तरांसाठीच आहे, आणि निधी हवा असेल तर अर्जाची तारीख अभ्यासक्रमाच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधी असते. माझ्या ओळखीतल्या दोघांचं वर्ष केवळ या तारखेपायी गेलं.

---

पेन्सिलीची_टोकं

ऑक्सफर्डची रचनाही जवळपास अशीच. तिथे सुपरव्हिजनला ट्यूटोरियल म्हणतात. मी ऑक्सफर्डची, त्यामुळे फरक सांगते. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र घेतलं की पहिल्या दिवसापासून भौतिकशास्त्रच. केंब्रिजला नॅचरल सायन्सेसमध्ये पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय आणि गणित करून मग वाट निवडता येते. अजून पक्कं ठरलं नसेल तर हा फार मोठा फायदा आहे. ऑक्सफर्डला परीक्षेलाही झगा आणि काळा-पांढरा ठरावीक पोशाख घालून बसावं लागतं. आणि महत्त्वाचं: एका वर्षी या दोन्हींपैकी एकालाच अर्ज करता येतो.

इंग्लंडमधलं डरॅमही कॉलेजांचं विद्यापीठ आहे, सतरा कॉलेजं. पण तिथली कॉलेजं औपचारिक शिकवणी करत नाहीत. राहणं, जेवण, खेळ, मित्र यांच्यासाठी आहेत. म्हणून ‘कॉलेजचं विद्यापीठ’ हे शब्द दिसले की तिथे कॉलेज नेमकं काय करतं, ते बघा.

---

पाऊलवाट

धागाकर्तीशी थोडा असहमत. ‘कॉलेजने फरक पडत नाही’ हे जरा जास्त होतंय. कॉलेजांच्या श्रीमंतीत प्रचंड तफावत आहे. ट्रिनिटी सगळ्यांत श्रीमंत. श्रीमंत कॉलेजात पुस्तकांना, प्रवासाला, सुट्टीतल्या संशोधनाला पैसे सहज मिळतात. माझ्या कॉलेजात त्याच कामासाठी अर्जावर अर्ज करावे लागायचे. शिवाय अंतर. गर्टन कॉलेज केंब्रिज गावाबाहेर चारेक किलोमीटरवर आहे, रोज सायकल. आणि काही विषय सगळ्या कॉलेजांत नसतात, उदाहरणार्थ आर्किटेक्चर. ज्याच्या घरी पैशाची ओढाताण आहे, त्याला ‘एक दुपार पुरे’ म्हणणं मला पटत नाही.

---

निळी_सायकल

पाऊलवाट, पटलं. मी शिकवण्याबद्दल बोलत होते आणि तुम्ही जगण्याबद्दल बोलताय, आणि जगण्यात फरक पडतोच. तुमचे मुद्दे वर घालून सुधारून लिहिते: कॉलेज शोधताना भाडं, सुट्टीतली सोय, आर्थिक मदत आणि आपला विषय तिथे आहे का, हे चार बघा. इमारतीचे फोटो, नदी आणि माजी विद्यार्थ्यांची यादी सोडा.

गर्टनबद्दल मात्र एक शब्द. १८६९ साली मुलींसाठी निघालेलं हे इंग्लंडमधलं पहिलं निवासी कॉलेज. आणि केंब्रिजने मुलींना पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये! म्हणजे जवळपास ऐंशी वर्षं मुली तिथे शिकल्या, परीक्षांत मुलांच्या बरोबरीने उतरल्या, आणि पूर्ण पदवीविना परत गेल्या. मी रोज त्या रस्त्याने सायकलवर जायचे तेव्हा हे मनात यायचं. लांब आहे म्हणून गर्टन नाकारणाऱ्या मुलींनी एकदा हा इतिहास जरूर वाचावा.

---

शाईचा_ठिपका

ताई, ओपन अर्ज केला तर शक्यता कमी होते का? आणि पूल म्हणजे काय? मुलाखतीची तर मला खूप भीती वाटते.

---

निळी_सायकल

ओपन अर्ज म्हणजे कॉलेजची पसंती न देणं. मग संगणक तुम्हाला एका कॉलेजकडे पाठवतो आणि तिथून पुढे सगळ्यांसारखीच वागणूक. तोटा नाही.

पूल म्हणजे असं: तुम्ही चांगले आहात, पण तुमच्या कॉलेजात जागा संपल्या. मग ते तुमचा अर्ज बाकीच्या कॉलेजांपुढे ठेवतं, आणि जानेवारीत दुसरं कुणीतरी उचलतं. दर वर्षी हजारो मुलांचे अर्ज पूलमध्ये जातात आणि त्यातल्या अनेकांना प्रवेश मिळतो. मी त्यातलीच. नदीकाठच्या एका कॉलेजला मी फोटो बघून अर्ज केला होता. त्यांनी घेतलं नाही. ज्या कॉलेजने मला उचललं, त्याचं नावही मी ऐकलं नव्हतं. पत्र वाचून मी दोन दिवस रडले, नाकारल्यासारखं वाटलं होतं. पहिल्या आठवड्यातच ते गेलं. तिथे कुणी विचारतच नाही तू पूलमधून आलीस का.

मुलाखत. परदेशातल्यांची ऑनलाइन होते, साधारण डिसेंबरात. ती पाठांतराची परीक्षा नसते. छोटं सुपरव्हिजनच असतं. मला एक आलेख काढायला सांगितला, साइन एक्स भागिले एक्स. शून्यापाशी मी अडले, ‘तिथे किंमत अनंत’ म्हणाले. चूक. समोरच्या बाईंनी चूक आहे असं म्हटलं नाही. म्हणाल्या, "एक्स फार लहान असेल तर साइन एक्स कसं वागतं?" मी मोठ्याने विचार करत गेले आणि एकवर पोचले. नंतर सुपरव्हिजनला बसायला लागल्यावर उमगलं की त्यांना उत्तर नकोच होतं. सूचना दिली की ही मुलगी ती वापरते का, आपली चूक सोडून पुढे जाते का, एवढंच पाहायचं होतं. म्हणून तयारी एकच: रोज एखादं न पाहिलेलं गणित किंवा उतारा घ्यायचा आणि कुणासमोर तरी बोलत बोलत सोडवायचा. ऐकणाऱ्याला विषय कळत नसला तरी चालतो.

तारखांचं जपा. यूकासवरचा (ब्रिटनमधल्या विद्यापीठांना पदवीसाठी एकत्र अर्ज करायची व्यवस्था) अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जायला हवा, इतर विद्यापीठांच्या मुदतीच्या कितीतरी आधी. त्यानंतर थोड्याच दिवसांत केंब्रिजचा स्वतःचा जोडअर्ज. पण विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी इसॅट, संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्रासाठी टीएमयूए अशा प्रवेशचाचण्यांची नोंदणी त्याहीआधी, सप्टेंबरातच बंद होते. कायद्याला एलनॅट, वैद्यकाला यूकॅट. गणितवाल्यांची स्टेप ही परीक्षा नंतर जूनमध्ये. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं असतं. ते यूकासवर निवडलेल्या पाचही विद्यापीठांना एकच जातं, त्यामुळे त्यात केंब्रिजचं नाव घालू नका. विषयाबद्दल लिहा: काय वाचलंत, ते वाचून कुठला प्रश्न पडला, मग काय केलंत.

---

आईची_वही

मुलीला सगळा धागा वाचायला दिला. ती म्हणाली, तिला रसायन आणि जीवशास्त्र दोन्ही सोडवत नाहीत. नॅचरल सायन्सेसबद्दल आम्हाला माहीतच नव्हतं. आता सुट्टीतल्या खोलीचा प्रश्न घेऊन तीन कॉलेजांना ईमेल लिहितोय.

---

उंबरठा

लिहाच. आणि पुढे योग आला तर पदवीदान बघायला जा. सिनेट हाऊस या विद्यापीठाच्या सभागृहात चारचार मुलं एकत्र पुढे येतात आणि कॉलेजच्या प्रीलेक्टरच्या, म्हणजे त्यांना पदवीसाठी पुढे आणणाऱ्या प्रतिनिधीच्या, उजव्या हाताचं एकेक बोट धरून उभी राहतात. मग एकेक जण कुलगुरूंपुढे गुडघे टेकतो आणि लॅटिनमध्ये पदवी दिली जाते. पदवी विद्यापीठाची, बोट कॉलेजचं. धागाकर्तीने सुरुवातीला जे समजावलं, ते सगळं तिथे डोळ्यांनी दिसतं.

---

शाईचा_ठिपका

ताई, मी भौतिकशास्त्र आणि गणित दोन्हींत अडकलो होतो. आज ठरवलं, नॅचरल सायन्सेस, ओपन अर्ज. इसॅटची नोंदणी कधी सुरू होते ते भिंतीवर लिहून ठेवलंय. रोज संध्याकाळी आजीसमोर बसून एक गणित बोलत सोडवतो. तिला गणित येत नाही, पण मी मध्येच थांबलो की ती विचारते, "का थांबलास?"

---

निळी_सायकल

आजींना माझा नमस्कार सांग. माझे सुपरव्हायझरही हेच विचारायचे.